तीन आण्यांत दोन मैल

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान, छपाईसाठी किरकोळ फेरफार करून)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते पेशाने वकील आणि वृत्तीने नाटक-सिनेमाचे नादिष्ट. दोन्हींचा मान राखावा म्हणून आज मी करमणुकीच्या धंद्यातल्या गाजावाजाबद्दल बोलणार आहे, आणि वाटेत सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालापाशी जरा थांबणार आहे.

सुरुवात सुरतेपासून करतो. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी गिरगावात कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. त्या काळी तीन-चार दिवसांत चित्र बदलत असे. हा त्याहून बराच जास्त टिकला. मग फाळके तो घेऊन सुरतेला गेले आणि पहिल्या दिवशी गल्ल्यात तीन रुपये पडले. कारण उघड होतं. तिथे दोन आण्यांत सहा तासांचं नाटक बघायला मिळत असे. तीन आणे मोजायचे आणि दीडेक तासात घरी परतायचं, हा सौदा हिशेबी माणसाला आतबट्ट्याचाच वाटणार. फाळक्यांनी सिनेमाला हात लावला नाही, जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, आणि सगळं मिळून फक्त तीन आणे! त्यानंतर गल्ला तीनशेच्या वर गेला, असं त्यांचे चरित्रकार सांगतात.

मला ही जाहिरात फार आवडते, आणि तिचा हिशेब तपासण्याचा मोह आवरत नाही. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात सोळा चित्रं बसतात. सत्तावन्न हजारांना सोळाने भागलं की साडेतीन हजार फुटांहून थोडं जास्त येतं. 'राजा हरिश्चंद्र'ची नोंदलेली लांबी 3,700 फूट आहे. म्हणजे छायाचित्रांचा आकडा खरा, उलट दोनेक हजारांनी कमीच सांगितलेला. आता मैल बघा. मैल म्हणजे 5,280 फूट. दोन मैलांचे झाले साडेदहा हजार. फाळक्यांचं चित्र पाऊण मैलाच्या आतच संपत होतं. एकाच वाक्यात एक चोख आकडा आणि त्याला खेटून जवळपास तिपटीने फुगवलेला दुसरा. तोही सत्यवचनी हरिश्चंद्राच्या जाहिरातीत.

ही फसवणूक म्हणायची का? मी म्हणणार नाही, आणि का म्हणणार नाही हेच आज सांगायचं आहे.

एखाद्या सिनेमाची किंवा नाटकाची हवा झाली की आपण विचारतो, 'एवढं काय आहे त्यात?' बघून आलो की विचारतो, 'एवढा गाजावाजा करण्यासारखं होतं का?' दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांचं उत्तर माणसागणिक बदलतं आणि वाद रात्रभर चालतो. मी त्यांच्या आधी दुसरंच विचारतो. ओरडतोय कोण? आणि माल पोकळ निघाला तर त्या ओरडणाऱ्याचं स्वतःचं काय जातं?

फाळक्यांच्या बाबतीत उत्तर स्वच्छ आहे. ओरडणारे फाळके होते, आणि हे सगळ्या सुरतेला माहीत होतं. त्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या होत्या. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गेले होते. सिनेमा पडला असता तर आधी हे घर बसलं असतं, प्रेक्षकाचे तीन आणे ही त्यापुढची गोष्ट. आणि याच माणसाने त्याआधी भांडवलासाठी काय केलं होतं, तेही लक्षात घ्या. कुंडीतल्या वाटाण्याची वाढ त्यांनी दिवसागणिक एकेक चित्र घेऊन टिपली, रोप पडद्यावर डोळ्यांदेखत वाढताना दाखवलं, आणि ते बघून सावकार तयार झाला. सावकाराला नमुना दाखवला, त्यात एका इंचाचीही थाप नव्हती. प्रेक्षकाला मैल सांगितले. कुणाशी काय बोलावं याची जाण त्या माणसाला पक्की होती. प्रेक्षक फुटपट्टी घेऊन येत नाही, तो नवल बघायला येतो. नवल तिथे होतं.

फाळक्यांच्या मुंबईतल्या जाहिरातीत आणखी एक गंमत आहे. एकट्या हरिश्चंद्रावर लोक येतील याची खात्री नसावी, म्हणून त्याच तिकिटात एका गोऱ्या बाईचा नाच, एक विनोदी प्रवेश आणि पायांनी वस्तू झेलणारा कसरतपटूही होता. भारतीय सिनेमाचा जन्म म्हणून जो दिवस आपण साजरा करतो त्या दिवशीच्या खेळाला कसरतपटू जोडीला घ्यावा लागला होता. 'नुसत्या आशयावर चालायला पाहिजे' असं म्हणणाऱ्यांना मी अधूनमधून याची आठवण देतो.

अतिशयोक्ती काही फाळक्यांपासून सुरू झाली नाही. 7 जुलै 1896 ला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं वॉटसन हॉटेलात आली, तेव्हा टाइम्सच्या जाहिरातीने त्यांना शतकातला चमत्कार आणि जगातलं आश्चर्य म्हणून टाकलं. तिकीट एक रुपया. त्या वेळी अनेकांना हा पोकळ बोभाटा वाटला असेल. आज मागे वळून पाहिलं तर ती जाहिरात जवळजवळ तंतोतंत खरी ठरलेली दिसते. आठवडाभरात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले, चार आण्यांपासून तिकिटं निघाली, पडदानशीन बायकांसाठी वेगळ्या बॉक्सची सोय झाली.

आणि 'पुंडलिक'! दादासाहेब तोरणे यांचा 'पुंडलिक' फाळक्यांच्या आधी वर्षभर, मे 1912 मध्ये, त्याच कॉरोनेशनमध्ये दाखवला गेला. पहिला भारतीय चित्रपट कोणता, या वादात त्याचं नाव येतं. त्या वादात मी आज शिरत नाही. त्याची आठवड्यानंतरची जाहिरात मात्र वाचण्याजोगी आहे. मुंबईतल्या जवळजवळ निम्म्या हिंदूंनी हा खेळ पाहिला, उरलेल्या निम्म्यांनी खेळ बदलण्याआधी यावं, असा तिचा मथितार्थ. 1911 च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती पावणेदहा लाखांच्या घरात होती आणि त्यात निम्म्याहून जास्त हिंदू. निम्म्याचे निम्मे धरले तरी सात दिवसांत अडीच लाख माणूस एका थिएटरातून जायला हवं. रोजचे पस्तीस हजार! गिरगावात त्या आठवड्यात चेंगराचेंगरी झाली नाही एवढ्यावरूनच जाहिरातीचं मोल कळतं. तरीही वाचणाऱ्याला ही दुकानदाराची आरोळी आहे हे कळत होतं. आरोळीला सूट किती द्यायची, हे गिऱ्हाइकाला ठाऊक असतं.

आचार्य अत्र्यांचं तेच. गेल्या दहा हजार वर्षांत असं झालं नाही आणि पुढच्या दहा हजार वर्षांत होणार नाही, हा त्यांचा ठेका अख्ख्या महाराष्ट्राला पाठ होता. त्यांच्या दहा हजारांतून किती शून्यं काढायची, हे त्यांचे चाहते जाणत होते आणि वैरीही जाणत होते. अत्रे खोटं बोलतात असं त्यासाठी कुणी म्हणालं नाही. लोक म्हणत, अत्रे बोलतायत. ज्या माणसाने 'श्यामची आई' काढला आणि त्याला देशाचं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, त्याला आपल्या मालाबद्दल थोडं चढ्या आवाजात बोलण्याचा हक्क लोकांनी देऊन टाकला होता.

नारायणगावला तर मला हा सगळा व्यवहार सर्वांत शहाणा वाटतो. जत्रांचा हंगाम तोंडावर आला की तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच येतात, राहुटीत बसतात, बोलणी होतात, सुपारी ठरते. बाहेर फलक असतो, त्यावर रंगीत फोटो असतात, नावापुढे बिरुदं असतात. पण पंच फलक बघून पैसे मोजत नाहीत. मागच्या साली शेजारच्या गावात हा फड कसा रंगला, वग अर्ध्यावर गुंडाळला का, गायिका फलकावरचीच आली होती का, हे त्यांनी आधीच काढलेलं असतं. फडमालकालाही माहीत असतं की पुढच्या चैत्रात याच पट्ट्यात सुपारी घ्यायची आहे. इथे वाटेल तेवढं फुगवून सांगा. एक हंगाम खपेल.

आता निकालाकडे वळतो. वकीलसाहेबांच्या वाट्याचा भाग हा.

एप्रिल 2016 मध्ये शाहरुख खानचा 'फॅन' लागला. त्याआधी दोनेक महिने 'जबरा फॅन' हे गाणं टीव्हीवर आणि मोबाइलवर धुमाकूळ घालत होतं. मराठीसकट अनेक भाषांत ते निघालं होतं. मराठवाड्यातल्या एका बाई मुलांना घेऊन सिनेमाला गेल्या. मुलं गाण्याची वाट बघत बसली. सिनेमा संपला, गाणं आलंच नाही. ते फक्त जाहिरातीपुरतं केलेलं होतं. मुलं हिरमुसली, जेवली नाहीत, त्यातून पित्ताचा त्रास झाला, असं तक्रारीत म्हटलं होतं. बाई ग्राहक मंचात गेल्या. जिल्हा मंचाने तक्रार फेटाळली. राज्य आयोगाने त्यांच्या बाजूने कौल दिला, दहा हजार रुपये भरपाई आणि पाच हजार खर्च. राष्ट्रीय आयोगाने तो कायम केला. निर्माते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 22 एप्रिल 2024 ला निकाल फिरला. न्यायालयाने म्हटलं की प्रसिद्धीसाठी दाखवलेली झलक म्हणजे करार नव्हे, वचनही नव्हे. तिच्यात दिसलेली गोष्ट सिनेमात नसली म्हणून सेवेत त्रुटी ठरत नाही. कलाकृती सादर करणाऱ्याला काय ठेवायचं आणि काय नाही, याची मोकळीक असते.

पंधरा हजार रुपयांसाठी प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं म्हणून वर्तमानपत्रांतून थोडी थट्टा झाली. मला ती थट्टा आवडली नाही. तिकिटाच्या पैशांवर भांडणारा प्रेक्षक दुर्मीळ आहे आणि तो जपला पाहिजे. तरीही मी निकालाच्या बाजूचा आहे. उद्या प्रत्येक झलक करार मानली, तर दिग्दर्शकाला शेवटच्या क्षणी गाणं कापता येणार नाही आणि नाटककाराला पंचविसाव्या प्रयोगानंतर प्रवेश बदलता येणार नाही. रंगभूमीवर काम केलेल्यांना विचारा, जाहिरातीतलं वाक्य नाटकातून कधीच गळून गेलंय आणि जाहिरातीत मात्र वर्षानुवर्षं छापून येतंय, असं किती वेळा होतं.

न्यायालयाने कायद्याचं उत्तर दिलं. रसिकाचं उत्तर मला त्याआधीच, 2016 च्या एप्रिलात, मिळालं होतं. 'फॅन' 15 एप्रिलला लागला, आणि दोन आठवड्यांनी, 29 एप्रिलला, 'सैराट'. त्याचीही गाणी आधी आली. 'झिंगाट' लग्नाच्या वरातीत, गणपतीत, शाळेच्या स्नेहसंमेलनात वाजायला लागलं. ते सिनेमात होतं, पुरेपूर होतं. लोक थिएटरात उठून नाचले. आणि मग उत्तरार्ध सुरू झाला. ज्यांनी 'सैराट' पाहिला आहे त्यांना शेवट सांगायला नको, ज्यांनी पाहिला नाही त्यांना मी सांगणार नाही. त्या शेवटाची एक पुसट खूणही जाहिरातीत नव्हती. नागराज मंजुळे यांनी लोकांना नाचायला बोलावलं आणि बसवून जात दाखवली.

मग फसवलं कुणी? 'फॅन'ने न दिलेलं गाणं दाखवलं. 'सैराट'ने दिलेला घाव लपवला. दुसरी गोष्ट मला क्षम्य वाटते, क्षम्य कशाला, आवश्यक वाटते. मंजुळ्यांच्या आधीच्या 'फँड्री'ची वाहवा झाली होती, बक्षिसं मिळाली होती, पण ज्याने तो बघायला हवा होता त्यातला बराचसा माणूस थिएटरकडे फिरकला नव्हता. 'सैराट'ने त्याला आत आणला. मराठीत शंभर कोटींचा आकडा त्या सिनेमाने पहिल्यांदा ऐकवला. आणि तो गाजावाजा वाजवी होता का, तर माझ्या मते होता, फक्त लोक ज्याबद्दल बोलत होते त्यासाठी नव्हे. गाणी छान आहेत, लॉस एंजेलिसला जाऊन वाद्यमेळ ध्वनिमुद्रित केला वगैरे सगळं खरं. पण तो सिनेमा मोठा आहे तो शेवटच्या काही मिनिटांमुळे, ज्यांची जाहिरात झालीच नव्हती.

याउलट 'बाहुबली'. जुलै 2015 ते एप्रिल 2017, पावणेदोन वर्षं देशाला एकच प्रश्न होता, कटप्पाने बाहुबलीला का मारलं. वरण-भात वाढताना आई विचारायची, वर्गात मास्तर विचारायचे. प्रसिद्धीच्या दृष्टीने मी याला शंभरपैकी शंभर गुण देतो. उत्तराला मात्र पस्तीस. कान भरल्यामुळे झालेला गैरसमज आणि राजाज्ञा, हे आपल्याकडे कुठल्याही संगीत नाटकाच्या दुसऱ्या अंकात मिळत होतं. लोकांनी आनंदाने पैसे दिले, मीही दिले, तक्रार नाही.

'मुघल-ए-आझम'चा उल्लेख टाळता येत नाही. ऑगस्ट 1960, मराठा मंदिर. सिनेमाची रिळं सजवलेल्या हत्तीवरून आली, आमंत्रणं शाही फर्मानासारखी, बाहेर पृथ्वीराज कपूरचा चाळीस फुटी कटआउट. दीड रुपयाच्या तिकिटाला काळ्या बाजारात शंभर रुपये मोजले गेले, असं सांगतात. फलक रंगवणाऱ्यांत कोल्हापूरचे जी. कांबळे होते. ही कोल्हापूरची परंपरा आहे, बाबूराव पेंटरांपासूनची. बाबूराव दिग्दर्शक होते आणि आपल्या सिनेमांची पोस्टरंही स्वतः रंगवत. त्यांच्या 1924 च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर हे आज शिल्लक असलेलं सर्वांत जुनं भारतीय पोस्टर मानलं जातं. सिनेमा काढणारा हात आणि त्याचं आश्वासन रंगवणारा हात एकच. यापेक्षा जबाबदार जाहिरात मला माहीत नाही.

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल की हा गृहस्थ जाहिरातवाल्यांचा वकील होऊन आला आहे. तेव्हा आता दुसऱ्या बाजूला येतो.

गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' 1980 मध्ये आलं. मालवणी भाषा, गावातल्या नाटकाची फजिती. सुरुवातीचे प्रयोग जेमतेम चालले. पुढे पु. ल. देशपांड्यांनी ते पाहिलं, हसून बेजार झाले, कौतुकाचं पत्र लिहिलं, आणि नाटकातले प्रमुख नट मच्छिंद्र कांबळी यांनी ते जाहिरातीतून लोकांपुढे ठेवलं. नाटक उचललं गेलं ते पाच हजार प्रयोगांच्या पलीकडे. आता हीदेखील जाहिरातच. पण तिच्यात काय होतं ते बघा. पु. लं.ना कुणी पैसे दिले नव्हते. त्यांनी स्वतःचं नाव खाली घातलं होतं. नाटक रद्दी निघालं असतं तर लोकांनी कांबळींना एकदा नावं ठेवली असती आणि पु. लं.ना दहादा. प्रेक्षकाचा म्हणून जो शब्द असतो, त्याची किंमत अशी असते.

'शोले'चं मी विसरू देणार नाही. 15 ऑगस्ट 1975 ला लागला तेव्हा धंद्यातल्या जाणत्यांनी पहिल्या काही दिवसांत तो पडला म्हणून सांगितलं होतं. जाहिरातीत कमतरता नव्हती, खर्चाचा बोलबाला होता. तरी त्याला तारलं ते बघून आलेल्यांनी. लॅमिंग्टन रोडच्या मिनर्व्हात तो पाच वर्षं राहिला. त्याच वर्षी, जवळपास काहीही गाजावाजा नसताना, 'जय संतोषी माँ' गावोगाव तुफान चालला. बायका चपला बाहेर काढून आत जात. याला आपण 'माउथ पब्लिसिटी' म्हणतो.

करमणुकीच्या धंद्याला हे जुनं ज्ञान आहे की आरोळीला लोक सूट देतात आणि शेजाऱ्याच्या शब्दाला देत नाहीत. म्हणून गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्याने आरोळी कमी करून शेजाऱ्याचा शब्दच विकत घ्यायला सुरुवात केली. माझं भांडण इथे आहे.

टाइम्स समूहाने 2003 मध्ये 'मीडियानेट' सुरू केलं आणि करमणुकीच्या पुरवणीतली जागा उघडपणे विकायला काढली. पुरवणीच्या नावाशेजारी बारीक अक्षरांत छापलेलं असतं की ही जाहिरातवजा प्रसिद्धी पुरवणी आहे. कायद्याला ते पुरतं. वाचकाला पुरतं का? नटीच्या मुलाखतीत आपण काय बातमी म्हणून वाचलं आणि काय दरपत्रकाप्रमाणे छापून आलं, हे सकाळच्या चहाबरोबर कोण शोधत बसतं? निदान तिथे बारीक अक्षरं तरी होती. पुढे मोबाइल आला आणि अक्षरंही गेली. थिएटरच्या दारात उभा असलेला पोरगा कॅमेऱ्यात बघून 'पैसा वसूल' म्हणतो, तो तिकीट काढून आला होता की मानधन घेऊन, हे कळायला मार्ग नाही. गाण्यावर नाचलेल्या शेकडो मुलींच्या चित्रफिती आपोआप निघालेल्या असतात की मोजून करवलेल्या, कळत नाही. जाहिरात मानक परिषदेने 2021 मध्ये नियम केला की पैसे किंवा भेटवस्तू घेऊन केलेल्या अशा शिफारशीवर ती जाहिरात आहे, असं ठळक लिहावं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणारी शिफारस करणाऱ्याला दहा लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. साबण आणि गुटख्याच्या बाबतीत तिची चर्चा तरी होते. नाटक-सिनेमाच्या बाबतीत सगळे हसण्यावारी नेतात, कारण 'करमणूकच तर आहे'.

आकड्यांचं तसंच. पूर्वी जाहिरातीत 'रौप्यमहोत्सव' असायचा, आता 'शंभर कोटी'. शंभर कोटी म्हणजे काय, ते एकदा सांगतो. शंभर रुपयांवरच्या तिकिटावर अठरा टक्के जीएसटी आहे. तो वजा केल्यावर उरतं ते नेट, आणि त्यातला साधारण निम्मा वाटा थिएटरचा. जाहिरातीत छापतात ग्रॉस. एवढ्यावर थांबलं तर मी त्याला फाळक्यांचे मैल म्हणून सोडून देईन. पण आता धंद्यातले लोकच सांगतात की पहिल्या शनिवार-रविवारी तिकिटं घाऊक उचलून आकडा वर नेला जातो, तिकीटविक्रीच्या पडद्यावर 'फुल्ल' दिसतं आणि आत निम्म्या खुर्च्या मोकळ्या. फाळक्यांनी चित्राची लांबी वाढवून सांगितली. हे प्रेक्षकच वाढवून सांगतात. आपल्यासारख्या हजारो लोकांनी पसंत केलं, असं आपल्याला सांगितलं जातं आणि ते हजारो लोक अस्तित्वातच नसतात. इथे ओरडणारा दिसत नाही, त्याचं काही जात नाही, आणि सूट किती द्यायची हेही कळत नाही.

याची दुसरी बाजू केरळात दिसली. सिनेमा लागताच त्याची धूळधाण करणाऱ्या परीक्षणांविरुद्ध सिनेमावाले उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने नेमलेल्या न्यायमित्रांनी 2024 मध्ये सुचवलं की यूट्यूबवरच्या परीक्षकांनी प्रदर्शनानंतर 48 तास थांबावं. पैसे उकळायला वाईट लिहिणारे असतात, हे मला मान्य आहे. त्यांच्यावर खंडणीचा गुन्हा नोंदवावा. पण तीन महिने अहोरात्र नगारा बडवायचा आणि तिकीट काढून आलेल्या माणसाला दोन दिवस तोंड मिटायला सांगायचं, हे कुठलं माप? पहिल्या तीन दिवसांतच सगळी वसुली करायची, असा धंदा यांनी स्वतःच बांधला. तो कोसळतो म्हणून प्रेक्षकाचा आवाज बंद करता येणार नाही.

एक अपवाद मला नोंदवायचा आहे, कारण तो आपल्या मराठी माणसाचा आहे. 2004 मध्ये संदीप सावंत यांचा 'श्वास' सुवर्णकमळ घेऊन आला. 'श्यामची आई'नंतर इतक्या वर्षांनी मराठीला तो मान मिळाला होता. मग तो भारतातर्फे ऑस्करसाठी गेला. तिथे नुसता सिनेमा पाठवून भागत नाही, मतदारांना तो दाखवण्यासाठी खेळ लावावे लागतात, जाहिराती द्याव्या लागतात. निर्मात्यांकडे पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली, शाळकरी मुलांपासून सगळ्यांनी. सिनेमाच्या जाहिरातीचा खर्च प्रेक्षकांनीच आपल्या खिशातून करावा, असं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. नामांकन मिळालं नाही. वर्गणी बुडाली म्हणून कुणी ग्राहक मंचात गेल्याचं ऐकिवात नाही. ओरडणारे आपण, आणि गेले तेही आपलेच.

आता मागणं मागतो, मग तुम्ही मोकळे.

पहिलं वर्तमानपत्रांच्या आणि वाहिन्यांच्या मंडळींकडे. तुमच्यापैकी काही जण आज इथे बसले आहेत. पैसे घेऊन छापलेल्या किंवा दाखवलेल्या मजकुरावर 'जाहिरात' हा शब्द मथळ्याएवढ्या अक्षरांत छापा. तुमचा धंदा बुडणार नाही; सुरतेत उघड आरोळी देऊन फाळक्यांचाही बुडाला नव्हता. परीक्षण लिहिणाऱ्याला तिकीट तुमच्या खर्चाने काढून द्या आणि त्याच्या लेखाशेजारी त्याच सिनेमाची अर्धपान जाहिरात लावू नका.

नाट्यनिर्मात्यांना विनंती आहे की प्रेक्षकांची पत्रं छापताना लिहिणाऱ्याचं नाव आणि गाव छापा. 'एक रसिक, पुणे' आता बंद करा. पुण्यात एवढे रसिक असते तर प्लॅन पहिल्याच दिवशी भरला असता.

आणि तुम्हाला. या रविवारी नाटक बघायला जाल किंवा सिनेमा. घरी आल्यावर चार जणांना फोन करा आणि कसं वाटलं ते आपल्या नावानिशी सांगा. आवडलं तर तसं, रटाळ वाटलं तर तसंही, आणि गावातल्या ओळखीच्या कलावंताचं असलं तरी.